भिंतीवरचा पैलवान

प्रश्न : आमचा गाव मालवण तालुक्यात, खाडीच्या काठाला. लंडन ऑलिंपिकनंतर, 2012 साली, मंडळाच्या व्यायामशाळेच्या भिंतीवर आम्ही सुशील कुमारचं मोठं चित्र काढून घेतलं. होड्यांवर नावं रंगवणाऱ्या पेंटरने रौप्यपदकासकट हुबेहूब उतरवलं होतं. मे 2021 मध्ये खुनाच्या गुन्ह्यात त्याला अटक झाली, तेव्हापासून गावात दोन तट आहेत. गेल्या महिन्यात रात्री कुणीतरी चित्राच्या तोंडाला होडीचं डांबर फासलं. एक तट म्हणतो, चुना मारून मोकळे व्हा. दुसरा म्हणतो, गुन्हा सिद्ध व्हायच्या आधी ठरवणारे तुम्ही कोण, चित्र पुन्हा रंगवा. मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांचं मुंबई मंडळ म्हणतं, पैसे आमचे होते, आम्हाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. काय करावं?
— मंडळाचा सेक्रेटरी

उत्तर : मुंबई मंडळाला आधी बाजूला ठेवा. ते गणपतीत येतील तेव्हा बघू.

मी 31 वर्षं कोर्टात नोकरी केली आणि सुटीच्या दिवशी गळ्यात शिट्टी अडकवून कबड्डीच्या मैदानावर पंच म्हणून उभा राहिलो. आपल्याकडे पंच दोन जातीचे. एक मैदानातला, दुसरा पंचनाम्यावर सही करणारा. दोघांनीही पाहिलं तेवढंच सांगायचं असतं. पण दुसऱ्या जातीतले बरेच जण सही आधी करतात आणि कागद नंतर वाचतात, हे मी नोकरीभर बघितलं. तुमच्या दोन्ही तटांनी तेच केलंय.

कागदावर आहे ते असं. 4 मे 2021 च्या रात्री दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये मारहाण झाली, त्यात सागर धनखड हा तरुण पैलवान गेला. सुशील कुमार सापडत नव्हता म्हणून पोलिसांनी 1 लाखाचं इनाम लावलं आणि 23 मे रोजी तो पकडला गेला. ऑक्टोबर 2022 मध्ये आरोप निश्चित झाले. मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला, तो ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. तुम्ही लिहिता की मार्चमध्ये नाक्यावर ‘सुटला’ म्हणून पेढे वाटले आणि ऑगस्टमध्ये त्याच नाक्यावर ‘सुप्रीम कोर्टाने खुनी ठरवला’ म्हणून बोंब झाली. पेढे फुकट गेले आणि बोंबही. जामीन मिळाला म्हणजे माणूस निर्दोष नव्हे, रद्द झाला म्हणजे दोषी नव्हे. खटला चालेपर्यंत आरोपीला आत ठेवायचं की बाहेर, एवढाच तो विषय.

दुसरं. तुमचं पत्र चार पानी आहे. त्यात सुशील कुमारची दोन्ही पदकं आहेत, 2008 चं बीजिंगचं कांस्यसुद्धा, पेंटरची मजुरी आहे, डांबर आहे. सागर धनखडचं नाव एकदाही नाही. तोही पैलवानच होता. हे मी तुम्हाला टोचायला लिहीत नाही, कारण मी याहून वाईट वागलोय.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. कोर्टाचं नाव सांगत नाही. आमच्या पट्ट्यातला एक नामी चढाईपटू, बायकोला जाळल्याच्या आरोपाखाली उभा होता. स्टोव्ह भडकला, असं त्याचं म्हणणं. तारखेला ट्रक भरून पोरं यायची. एकदा तर व्हरांड्यात त्याच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. तो संघाच्या ट्रॅकसूटमध्ये, आणि मी, म्हणजे कोर्टाचा कारकून, त्याला आत बोलावून पंख्याखालची खुर्ची दिली. आदल्याच वर्षी मी त्याचा सामना खेळवला होता, एका चढाईत चार गडी मारलेले. त्याच व्हरांड्याच्या टोकाला, जिन्यापाशी, मुलीची आई बसलेली. मांडीवर स्टीलचा डबा, पायांत वेगवेगळ्या दोन चपला. दाराशी येऊन तिने विचारलं, “सायबानू, आमची तारीख आजच मा?”

मी म्हटलं, “भायर थांबा.”

शेजारपाजारचे साक्षीदार एकेक करून फितूर झाले. त्यातला एक त्याच्याच संघातला कोपरारक्षक, त्याला ऐन वेळी काही आठवेना. आरोपी सुटला. निकालपत्राची नक्कल मीच टाइप केली. ‘आरोप संशयापलीकडे शाबीत होत नाही, सबब संशयाचा फायदा देण्यात येतो.’ बाहेर फटाक्यांची माळ लागली होती. त्या रात्री घरात काय झालं ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही ठाऊक नाही, म्हणून मी त्याला खुनी म्हणणार नाही. पण खुर्ची कुणाला द्यायची, हे तर माझ्या हातात होतं?

अमेरिकेत ओ. जे. सिम्पसनचं असंच झालं. तिकडच्या फुटबॉलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा, केवढा मोठा खेळाडू. 1989 मध्ये बायकोला मारल्याच्या गुन्ह्यात त्याने कोर्टात आरोप लढवलासुद्धा नव्हता, तरी टीव्हीवर त्याचं समालोचन चालूच. जून 1994 मध्ये तीच, घटस्फोट घेतलेली बायको आणि तिचा मित्र यांचे खून झाले. ऑक्टोबर 1995 मध्ये ज्युरीने त्याला सोडलं. मग 1997 मध्ये दिवाणी कोर्टाने त्याच मृत्यूंना त्यालाच जबाबदार धरून 3 कोटी 35 लाख डॉलर द्यायला लावले. फौजदारीत वाजवी संशय उरता कामा नये. दिवाणीत कुणाचं पारडं जड एवढंच बघतात. म्हणून एक माणूस, दोन निकाल, आणि कायद्याने दोन्ही बरोबर. तिकडचे लोक मात्र खटल्याच्या पहिल्या दिवसापासून गोरे-काळे असे वाटले गेले होते. तुमचे दोन तट तरी कशावरून पडलेत, ते जरा तपासा. मला पत्रात वरच्या वाडीचा आणि खालच्या वाडीचा वास येतोय.

आता भिंत. शिक्षा द्यायला पुरावा लागतो आणि ती द्यायचा अधिकार कोर्टाचा. डांबर फासणं ही शिक्षा, तीही रात्रीची, म्हणून ते चूक. पण भिंतीवर चित्र असणं हा मान आहे. मान हा कुणाचा हक्क नसतो. तो थांबवायला गुन्हा सिद्ध व्हायची वाट बघावी लागत नाही, आणि थांबवल्याने कुणावर अन्याय होत नाही. पदक नोंदीत आहे, ते कुणी काढून घेतलेलं नाही. तेव्हा मी चुन्याच्या बाजूचा. फक्त रीतसर. देवळात बैठक लावा, इतिवृत्तात ठराव लिहा, त्यात ‘खुनी’ हा शब्द नको, ‘खटला दाखल आहे’ असं लिहा, आणि त्याच वाक्यात सागरचं नाव येऊ दे. मग दिवसाढवळ्या रंगवा. डांबरावर थेट चुना धरत नाही, पिवळे डाग वर येतात. आधी खरवडा, रॉकेल मिळालं तर त्याने पुसा, साबणाने धुवा, आठ दिवस वाळू द्या. खरवडायला दोन्ही तटांतली दोन-दोन पोरं लावा. डांबर कुणी फासलं ते त्यांना माहीत असणारच.

प्रश्न : नेपाळचा क्रिकेटपटू संदीप लामिछाने बलात्काराच्या खटल्यातून सुटला. म्हणजे त्या मुलीने खोटा आरोप केला होता, असं कॉलेजात सगळे म्हणतात. मी वाद घातला तर ‘कोर्टापेक्षा तुला जास्त कळतं का’ म्हणतात.
— एक विद्यार्थिनी, दापोली

उत्तर : जानेवारी 2024 मध्ये काठमांडूच्या जिल्हा न्यायालयाने त्याला 8 वर्षांची शिक्षा दिली, मे महिन्यात पाटणच्या उच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं. कायद्याने तो निर्दोष आहे, त्याला पुन्हा खेळायला मिळालं त्यात गैर काही नाही, आणि ‘पण असेलच काहीतरी’ अशी कुजबुज तूही करू नकोस. मात्र वरच्या कोर्टात खटला चालला तो त्याच्यावर, तिच्यावर नव्हे. ती खोटं बोलली असं म्हणायचं, तर तो वेगळा आरोप झाला, त्यालाही वेगळा पुरावा लागतो. कॉलेजातल्या मंडळींना विचार, त्याच्यासाठी मागता तसा पुरावा तिच्यासाठी का नको?

आणि नाव शोधत बसू नका म्हणावं. आपल्याकडे अशा गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम 228-अ, आता न्याय संहितेचं 72. ग्रुपवर फोटो ‘फॉरवर्ड’ करणाऱ्यालाही ते लागू शकतं.

प्रश्न : नवज्योत सिद्धूला एवढ्या वर्षांनी एक वर्षाची शिक्षा झाली. याला न्याय म्हणायचं?
— एक निवृत्त शिक्षक, गुहागर

उत्तर : गुरुजी, हिशोब मांडतो, उत्तर तुम्ही द्या. डिसेंबर 1988 मध्ये पतियाळात सिद्धूशी झालेल्या रस्त्यावरच्या भांडणात 65 वर्षांचे गुरनाम सिंग गेले. 1999 मध्ये खालच्या कोर्टाने सिद्धूला सोडलं. 2006 मध्ये उच्च न्यायालयाने 3 वर्षं सुनावली. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते 1000 रुपये दंडावर आणलं आणि मृताच्या घरच्यांच्या फेरविचार अर्जावर मे 2022 मध्ये एक वर्ष सक्तमजुरी दिली. मधल्या काळात तो भारतासाठी खेळला, खासदार झाला आणि टीव्हीवर हसून हसून लोकप्रिय झाला. आपणही हसलो. त्या घरच्यांनी टीव्ही लावला की तोच दिसायचा.