डीबगर (संगणकावरून चिप थांबवून तपासणारं साधन) जोडला की बोर्ड चालतो, एकटा फ्लॅशमधून बूट करताना मात्र अडकतो. असं का?

तुमच्या बोर्डवर एसटीएम३२एफ४२९ हा मायक्रोकंट्रोलर आहे, चिपबाहेर एसडीरॅम (सतत ताजी करावी लागणारी मेमरी) आहे आणि वीज बंद-चालू केली की प्रोग्रॅम मेनपर्यंत, म्हणजे तुमच्या मुख्य फंक्शनपर्यंत पोचत नाही. अशा वेळी आधी डीबगरची सुरुवातीची स्क्रिप्ट उघडून बघा. क्लॉक आणि एसडीरॅम तीच लावून देत असते आणि तुमचा कोड त्या आयत्या पायावर उभा राहतो. फ्लॅशमधून बूट करताना ते सगळं तुमच्याच कोडला करावं लागतं, तेही ठरलेल्या क्रमाने.

रीसेटनंतर चिप आतल्या १६ मेगाहर्ट्झवर, शून्य वेट स्टेटने (फ्लॅशमधून वाचताना थांबायची जादा क्लॉक आवर्तनं) धावते. ३.३ व्होल्टवर १६८ मेगाहर्ट्झ हवे असतील तर फ्लॅशला ५ वेट स्टेट लागतात. हा आकडा आधी लिहा, तो परत वाचून खात्री करा आणि मगच क्लॉक बदला. उलट केलंत तर प्रोसेसर फ्लॅशमधून अर्धवट वाचलेली सूचना चालवायला जातो आणि हार्ड फॉल्ट (प्रोसेसरची गंभीर चूक) येतो. वेग कमी करताना क्रम उलटा: आधी क्लॉक उतरवा, मग वेट स्टेट.

८ मेगाहर्ट्झ क्रिस्टल धरला तर पीएलएलचा (क्लॉकचा वेग वाढवणारं सर्किट) भाजक एम ४, गुणक एन १६८, प्रोसेसरचा भाजक पी २, यूएसबीचा भाजक क्यू ७ ठेवा. आत २ मेगाहर्ट्झ जातात, व्हीसीओ (पीएलएलमधला ऑसिलेटर) ३३६ वर चालतो, प्रोसेसरला १६८ मिळतात आणि यूएसबीला नेमके ४८. एपीबी१ आणि एपीबी२ या चिपमधल्या उपकरणांच्या बस. त्यांचा क्लॉक अनुक्रमे ४ ने आणि २ ने भागा, तेही क्लॉक बदलण्याआधी. क्रिस्टल तयार होण्याची वाट बघणाऱ्या लूपला टाइमआउट द्याच, नाहीतर क्रिस्टल बिघडला की बोर्ड कायमचा गप्प बसतो.

आता एसडीरॅम, खरी गोम बहुतेक वेळा इथेच असते. तिला प्रोसेसरच्या निम्मा क्लॉक द्या, म्हणजे ८४ मेगाहर्ट्झ. क्लॉक सुरू केल्यावर किमान १०० मायक्रोसेकंद थांबायचं, मग सगळ्या बँकांना (मेमरीच्या विभागांना) प्रीचार्ज, म्हणजे उघड्या ओळी बंद करायची आज्ञा, त्यानंतर काही ऑटो-रीफ्रेश (बहुतेक चिपना ८ पुरतात), मग एसडीरॅमच्या सेटिंग ठेवणारा मोड रजिस्टर. त्यातली कॅस लेटन्सी (वाचायची आज्ञा दिल्यापासून डेटा येईपर्यंतची क्लॉक आवर्तनं) आणि कंट्रोलरमधली कॅस लेटन्सी एकच हवी. शेवटी रीफ्रेशचा आकडा: ४०९६ ओळी ६४ मिलिसेकंदांत ताज्या करायच्या, म्हणजे दर १५.६२५ मायक्रोसेकंदांना एक. त्याला ८४ ने गुणून २० वजा केले की, अपूर्णांक सोडून, १२९२ येतात. क्लॉक बदललात की हा आकडा पुन्हा काढा. रीफ्रेश राहून गेला तरी लिहून लगेच वाचलेलं बरोबर दिसतं, म्हणून चाचणी घेताना मेमरी भरा, दहा-बारा सेकंद थांबा आणि मग वाचा.

हे सगळं सिस्टिमइनिटमध्ये (मेनच्या आधी चालणारं फंक्शन) बसवा, कारण डेटा सेक्शनची, म्हणजे ग्लोबल व्हेरिएबलच्या सुरुवातीच्या किमतींची, फ्लॅशमधून रॅममध्ये नक्कल बहुतेक स्टार्टअप फाइलमध्ये त्यानंतर होते आणि तो सेक्शन एसडीरॅममध्ये असेल तर मेमरी तोवर जागी असायला हवी. त्यामुळेच या टप्प्यात ग्लोबल व्हेरिएबलवर विसंबू नका, स्टॅक आतल्या रॅममध्येच ठेवा आणि एचएएलचा (एसटीची तयार लायब्ररी) डिले वापरू नका. त्यासाठी वेळ मोजणारा टायमर, सिसटिक, अजून सुरूच झालेला नसतो, त्यामुळे तो डिले कधी संपतच नाही. साधा मोजका लूप पुरेसा आहे.

क्लॉकची शंका उरली तर पीसी९ पिनवर एमसीओ२ (चिपचा क्लॉक बाहेर काढायची सोय) मधून सिस्टिम क्लॉक ४ ने भागून बाहेर काढा. ऑसिलोस्कोपवर ४२ मेगाहर्ट्झ दिसले पाहिजेत. १६ भागिले ४, म्हणजे ४ दिसले, तर चिप अजून रीसेटच्याच क्लॉकवर आहे.