'याओ'ला राक्षस म्हणावे का?

प्रश्न असा आहे: 'फँग्ज ऑफ फॉर्च्यून' या 2024 च्या चिनी मालिकेत इंग्रजी उपशीर्षकांतून सतत 'डीमन' हा शब्द येतो. नायकही डीमन, त्याचे शत्रूही डीमन, आणि त्यांना पकडणाऱ्या सरकारी खात्याच्या नावातही डीमनच. मराठी उपशीर्षके करताना राक्षस लिहावे, असुर लिहावे की पिशाच?

माझ्या मते यांतला एकही सरसकट लिहू नये. आधी इंग्रजी बाजूला ठेवून मूळ चिनी शब्द ऐकावा. तिथे 'याओ', 'मो' आणि 'ग्वेइ' असे तीन निरनिराळे शब्द आहेत. पहिले दोन तर इंग्रजीत बहुतेक वेळा एकाच 'डीमन'मध्ये बुडून जातात.

ग्वेइचा निकाल लगेच लागतो. ग्वेइ म्हणजे मेलेल्या माणसाचे भूत. मुंजा, हडळ, समंध, खवीस अशी अख्खी बिरादरी आपल्याकडे आहे, तेव्हा 'भूत' किंवा 'पिशाच' बिनधास्त लिहावे. याओ मात्र मेलेला नसतो. तो चांगला जिवंत असतो, आणि मुळात माणूसच नसतो.

कोल्हा, साप, एखादे जुने झाड, क्वचित घरातली एखादी वस्तू शेकडो वर्षे टिकते, साधना करत राहते आणि शेवटी तिला माणसाचे रूप मिळते: हा याओ. चौथ्या शतकाच्या सुमारास ग्वो पू या पंडिताच्या नावावर असलेल्या एका ग्रंथात कोल्ह्याची चढण वर्षांनिशी दिली आहे. पन्नास वर्षांचा कोल्हा बाईचे रूप घेऊ शकतो, शंभराव्या वर्षी तो सुंदर स्त्री होतो, आणि हजार वर्षे झाली की स्वर्गाशी संधान बांधून 'दिव्य कोल्हा' होतो. म्हणजे याओपण जन्माने मिळत नाही. ते कमवावे लागते.

राक्षस इथेच अडतो. आपला राक्षस कुळाने राक्षस असतो, दैत्य दितीचे आणि दानव दनूचे. रावणाने तप केले हे खरे, पण ते वर मागण्यासाठी. याओला वर द्यायला कुणी येत नाही, त्याची वर्षेच त्याची पुंजी. आणि मारीच आठवा. तो राक्षस असून हरिण झाला, माणसाला फसवण्यासाठी. याओ हरिण असून माणूस होतो, पुष्कळदा माणसांत राहता यावे म्हणून. दिशाच उलटी आहे. या मालिकांमधली सगळी कालवाकालव त्या दिशेवर उभी असते: ज्याने माणूस होण्यासाठी हजार वर्षे घालवली, त्याला माणसे आपले म्हणतील का? 'राक्षस' लिहिले की मराठी प्रेक्षकाच्या मनात उत्तर आधीच ठरून जाते, आणि कथेतला प्रश्नच संपतो.

चीनमधल्या हांगझोऊ शहराच्या पश्चिम सरोवराकाठची पांढऱ्या नागिणीची कथा घ्या. बाय सूजेन ही नागीण स्त्रीरूपाने श्यू श्येन नावाच्या साध्या माणसाशी संसार मांडते, आणि फाहाय हा भिक्षू तिला लेइफेंग पॅगोडाखाली कोंडतो. 1624 मध्ये छापलेल्या कथेत ती बरीच धास्ती वाटावी अशी आहे. पुढच्या नाटकांनी आणि ऑपेरांनी तिला प्रेमळ बायको केले, आई केले, आणि लोकांचा राग भिक्षूकडे वळला. खरा पॅगोडा 1924 मध्ये कोसळला, 2002 मध्ये तिथे नवा उभा राहिला. या सगळ्या प्रवासात तिचा शब्द मात्र एकच राहिला, याओ. धास्ती आणि माया दोन्ही पेलणारा शब्द आहे तो.

आणखी एक भक्कम कारण आहे. चिनी भाषेत 'राक्षस' हा आपला शब्द बौद्ध ग्रंथांबरोबर कधीच पोचला आहे. 'लुओचा' म्हणजे राक्षस, 'येछा' म्हणजे यक्ष. ह्युएन त्संगच्या भारतयात्रेवर रचलेल्या सोळाव्या शतकातल्या अद्भुत कादंबरीत लोखंडी पंख्याच्या राजकन्येला 'लुओचा स्त्री' म्हटले आहे, म्हणजे राक्षसीच. हाताशी राक्षस असूनही त्यांनी याओ वेगळा ठेवला, तर आपण तो का मिसळावा?

'मो'ची गोष्ट तर आपल्या अगदी जवळची. हा शब्द म्हणजे बुद्धाला मोहात पाडायला आलेला 'मार'. चिनीत तो आधी 'मोलुओ' झाला, मग नुसता 'मो' उरला. त्यासाठी घडवलेल्या अक्षरात खाली भुताची खूण आहे आणि वर उच्चार सांगणारी तागाची. अजिंठ्याच्या 26 क्रमांकाच्या लेण्यात महापरिनिर्वाणाच्या भव्य मूर्तीजवळ मारविजयाचा शिल्पपट आहे. चिनी मालिकेतल्या 'मो'चा पूर्वज तिथे सैन्यासह आणि मुलींसह उभा आहे! म्हणून 'मो' ही जमात असेल तिथे मी 'असुर' चालवून घेईन. पण एखादा साधक 'मोमध्ये शिरला' असे वाक्य आले की असुर चालणार नाही, तिथे 'साधनेतून ढळला' लिहावे. 'योगभ्रष्ट' मोहात पाडतो, पण गीतेतला योगभ्रष्ट पुढच्या जन्मी चांगल्या घरात येतो. तो फार सौम्य पडेल.

मग याओला मराठीत काय म्हणायचे? 'मायावी'त कपटाचा वास आहे. 'इच्छाधारी' सगळ्यांत जवळचा, कारण इच्छाधारी नाग आपल्या ऐकिवात आहे. साप-कोल्ह्यांपुरता तो शोभेलही. पण झाडाला किंवा वस्तूला तो चिकटत नाही, आणि कष्टाने मिळवलेले रूप त्यात लहरीचे होऊन बसते.

शिवाय या मालिकेचा नायक जूयेन आहे. 'शानहायजिंग' या प्राचीन ग्रंथातला, पांढऱ्या डोक्याचा आणि तांबड्या पायांचा वानरासारखा प्राणी. तो दिसला की मोठे युद्ध होते, असे तिथे लिहिले आहे. ही याओची सर्वांत जुनी छटा: अघटित, अपशकुन. 'झ्वो-जुआन' या इतिहासग्रंथात वेशीजवळ झुंजलेल्या दोन सापांच्या संदर्भात म्हटले आहे की माणसे नेहमीची रीत सोडतात तेव्हाच याओ उपजतात. या अर्थाला आपल्याकडे नेमका शब्द आहे, 'उत्पात'. आज आपण तो धुडगुसासाठी वापरतो, पण मूळ अर्थ निसर्गातले विपरीत चिन्ह. जूयेनच्या दर्शनाबद्दलच्या वाक्यात 'उत्पात' लिहा, शोभून दिसेल.

बाकी सगळीकडे सरळ 'याओ' ठेवावा. तो दोन अक्षरांचा आहे, उपशीर्षकात जागा खात नाही आणि मराठी प्रत्यय निमूट घेतो: याओचा, याओला, याओंनी. तो याओ, ती याओ. पहिल्या भागात एकदाच 'याओ, म्हणजे साधनेने माणूस झालेला जीव' असा खुलासा द्यावा. सरकारी खात्याला 'याओ-बंदोबस्त खाते' म्हणता येईल.

एक अपवाद करावा. चिडलेला गावकरी एखादीला 'याओ बाई' म्हणून हिणवतो, तेव्हा तो तिची जात सांगत नसतो, शिवी देत असतो. तिथे 'कैदाशीण' लिहा. पुरुषाला हिणवताना 'राक्षसा!' आले तरी माझी हरकत नाही, कारण ते बोलणाऱ्याचे मत आहे. निवेदनात आणि नायकाच्या स्वतःच्या तोंडी मात्र याओच राहू द्या.