भट्टी भाड्याची, पॅटर्न आपला

राजारामपुरी, कोल्हापूर

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज परवा रात्री वाचला. फोन मुद्दामच केला नाही, फोनवर मी फार फाटे फोडतो. पुण्याच्या नोकरीत तुला क्लाउडच्या टीमवर टाकलंय आणि तू विचारतेस, "काका, मग दोन वर्षं लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीम आणि पोस्टग्रेस डेटाबेस घोकलं ते वाया गेलं का? इथं सगळं बटणावर मिळतंय." वाया गेलेलं नाही. पण नुसतं एवढं सांगून तुझं समाधान व्हायचं नाही, म्हणून जरा लांबून येतो.

माझे वडील पॅटर्नमेकर होते हे तुला माहीत आहे. ते नेमकं काय करायचे हे मात्र तुला कुणी सांगितलं नसेल. शिवाजी उद्यमनगरात त्यांची एक शेड होती, आत सागवानाचा भुसा घोट्यापर्यंत. पंपाची बॉडी ओतायची तर आधी तिची हुबेहूब लाकडी प्रतिकृती करायची, तो पॅटर्न. वाळूत पॅटर्न दाबून साचा घ्यायचा, पॅटर्न अलगद उचलायचा आणि उरलेल्या पोकळीत बिडाचा रस ओतायचा. बीड थंड होताना आक्रसतं, म्हणून पॅटर्न मीटरमागे साधारण 10 मिलिमीटर मोठा करावा लागतो. त्यासाठी वडिलांकडं एक वेगळी पट्टी होती, तिचे सेंटिमीटरच मुळात लांब. ती पट्टी चुकून दप्तरात घेऊन मी शाळेत भूमिती सोडवली आणि सरांचा मार खाल्ला.

तर मुद्दा असा. पॅटर्नचे पैसे गिऱ्हाईक देतं, म्हणून पॅटर्न गिऱ्हाइकाचा. भट्टी फाउंड्रीवाल्याची, तिचा दर किलोवर. शिरोलीत दर चढला की पॅटर्न टेम्पोत घालायचा आणि गोकुळ शिरगावला न्यायचा. वडील म्हणायचे, "पॅटर्न आपल्या ताब्यात असूदे, भट्टी कुठलीबी चालती." एका गिऱ्हाइकानं वर्षानुवर्षं पॅटर्न फाउंड्रीतच ठेवला, पावतीसुद्धा घेतली नाही. पुढं दरावरून बिनसलं आणि मालकानं पॅटर्न खोलीत घालून कुलूप लावलं. तो माणूस जुनी कास्टिंग पिशवीत घालून वडिलांकडं आला, 'यावरनं परत करून द्या' म्हणत. तीन आठवडे त्याचं काम बंद. तुझ्या ऑफिसात ज्याला 'व्हेंडर लॉक-इन' म्हणतात, ते मी दहाव्या वर्षी असं पाहिलंय.

क्लाउड, म्हणजे दुसऱ्याच्या डेटा सेंटरमधली भाड्यानं घेतलेली मशीनं, ही भट्टी. भाड्याची भट्टी वाईट असं मी म्हणणार नाही, 2019 नंतर तर नाहीच. त्या ऑगस्टमध्ये पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट असताना पाणी 55 फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, पुण्याकडची वाहतूक कित्येक दिवस ठप्प. शाहूपुरीत तळमजल्यावर एका पतसंस्थेचा सर्व्हर होता, मीच बसवलेला. बॅकअपची हार्ड डिस्क कुठं होती? त्याच कपाटात, खालच्या कप्प्यात. पाणी उतरल्यावर ते कपाट उघडलं तेव्हा आतनं जो वास आला तो अजून नाकात आहे. सर्व्हरच्या पंख्याच्या पात्यांवर गाळ बसला होता, बोटानं खरवडला तर मऊ, शाडूसारखा. मॅनेजर काही बोलले नाहीत, बोलले असते तर बरं झालं असतं. खातेउतारे छापील कागदांवरून परत भरायला दोन महिने गेले. तेव्हापासून माझ्या प्रत्येक गिऱ्हाइकाची एक प्रत मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये असते. महिन्याला थोडे पैसे जातात, मला झोप लागते.

आता त्या भट्टीच्या आत बघ. तू बटण दाबून जे मशीन उभं करतेस ते बहुतेक वेळा लिनक्स असतं. लिनस टोरवाल्ड्सनं 1991 मध्ये विद्यार्थी असताना सुरू केलेलं आणि पुढं हजारो लोकांनी वाढवलेलं. ॲमेझॉननं 2006 मध्ये तासावर मशीन भाड्यानं द्यायला सुरुवात केली तेव्हा एका लोखंडी मशीनची अनेक आभासी मशीनं करण्याचं काम झेन नावाचं सॉफ्टवेअर करत होतं. तेही ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा सोर्स, मूळ कोड, कुणालाही वाचता-बदलता येतो असं, आणि केंब्रिज विद्यापीठात जन्मलेलं. प्रत्येक मशीनमागं ऑपरेटिंग सिस्टीमचं लायसन्स विकत घ्यावं लागलं असतं, तर तासाला काही सेंटांचा तो हिशेबच बसला नसता. म्हणजे 'क्लाउड आलं, आता ओपन सोर्सचं काय' हा प्रश्न उलटा आहे. ओपन सोर्स होतं म्हणून क्लाउड उभं राहिलं.

गुगलनं 2014 मध्ये कुबरनेटीस, म्हणजे अनेक मशीनांवर प्रोग्रॅम चालवायचं आणि सांभाळायचं अवजार, खुलं केलं, तेही दानधर्म म्हणून नव्हे असं माझं मत. ॲमेझॉन पुढं निघून गेलेलं होतं. सगळ्यांच्या भट्टीला एकच पॅटर्न बसायला लागला तर गिऱ्हाईक उठून आपल्याकडंही येईल, असा तो डाव. स्वार्थी असेल, पण त्यातनं तुझ्यामाझ्या हाती एक चांगलं अवजार आलं. शिवाय लिनक्सवर काम करणाऱ्या कितीतरी लोकांचा पगार याच मोठ्या कंपन्या देतात. नुसत्या शिव्या घालून चालत नाही.

पण खटका आहे, आणि तो तुला नीट समजला पाहिजे. मुलाखतीत विचारतील म्हणून नव्हे, उद्या तू कंपनीसाठी डेटाबेस निवडशील म्हणून. लिनक्स ज्याखाली येतं त्या जीपीएल लायसन्सची अट अशी की प्रोग्रॅम दुसऱ्याला दिलास तर सोर्सही द्यायचा. ही अट घातली तेव्हा प्रोग्रॅम फ्लॉपीवर हातात दिला जायचा. क्लाउडमध्ये कुणी कुणाला काही देतच नाही. प्रोग्रॅम त्यांच्या मशीनवर चालतो, तुला फक्त उत्तर येतं. पॅटर्न फाउंड्रीतच, बाहेर पडते ती कास्टिंग. मग सोर्स देण्याचं बंधन लागूच होत नाही. ही फट बुजवायला 2007 मध्ये एजीपीएल या जीपीएलच्याच भावंडाची तिसरी आवृत्ती आली: बदल केलेला प्रोग्रॅम नेटवर्कवरून वापरायला दिलास, तरी वापरणाऱ्याला सोर्स मिळाला पाहिजे.

मोंगोडीबी नावाच्या डेटाबेसवाल्यांना तेवढ्यानं भागेना. मोठी क्लाउड कंपनी मूळ प्रोग्रॅमला हात न लावता तो जसाच्या तसा सेवा म्हणून विकू शकते, सोर्स तर आधीच खुला आहे. त्यांनी 2018 मध्ये एसएसपीएल नावाचं लायसन्स आणलं. त्याची अट अशी: आमचा डेटाबेस सेवा म्हणून विकायचा तर ती सेवा चालवायला जे जे सॉफ्टवेअर वापरता, ते सगळं खुलं करा. म्हणजे पॅटर्न वापरलात तर भट्टीची, क्रेनची, हिशेबाच्या वहीचीसुद्धा ड्रॉइंगं द्या. कुणी देत नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेनं हे लायसन्स ओपन सोर्स नाही असं स्पष्ट सांगितलं, आणि मला ते पटतं. ॲमेझॉननं 2019 च्या जानेवारीत मोंगोडीबीशी जुळणारी स्वतःची वेगळी सेवा बाजारात आणली.

इलॅस्टिकसर्च या शोधाच्या प्रोग्रॅमनं 2021 मध्ये तोच रस्ता धरला, तर ॲमेझॉननं जुन्या खुल्या आवृत्तीवरून ओपनसर्च काढलं. क्लाउडची मशीनं उभी करायचं अवजार असलेल्या टेराफॉर्मनं 2023 मध्ये लायसन्स बदललं, त्यातनं ओपनटोफू निघालं. रेडिस या मेमरीत चालणाऱ्या झटपट डेटाबेसनं 2024 च्या मार्चमध्ये बदललं आणि आठवडा-दीड आठवड्यात लिनक्स फाउंडेशनच्या छताखाली व्हॅल्की उभं राहिलं. गंमत पुढं आहे. इलॅस्टिक 2024 मध्ये आणि रेडिस 2025 मध्ये एजीपीएलचा पर्याय घेऊन परत खुल्या दारात आले. तोवर बरीच मंडळी दुसऱ्या वाटेनं गेली होती.

यात चूक कुणाची? मला विचारशील तर पॅटर्नमेकरच्या पोराला पॅटर्नमेकरचं दुःख आधी दिसतं. वडिलांनी केलेल्या एका पॅटर्नवर फाउंड्रीनं हजारो नग ओतले असतील, वडिलांना मजुरी एकदाच. पण वडिलांनी सौदा आधीच केला होता, नग मोजून पैसे मागायचे हे मागाहून त्यांना सुचलं असतं तर कुणी ऐकलं नसतं. या कंपन्यांचं तसंच झालं. खुलं आहे म्हणून लोक आले, लोकांनी दुरुस्त्या पाठवल्या, नाव झालं, आणि मग घरात घेतलेल्या पाहुण्यालाच भाडं मागितलं. राग दोन्हीकडचा खरा आहे. म्हणून प्रोग्रॅम निवडताना लायसन्सच्या आधी एक गोष्ट बघत जा: तो एकाच कंपनीच्या हातात आहे का? पोस्टग्रेसचा कुणी एक मालक नाही, म्हणून एका रात्रीत त्याचं लायसन्स फिरवायला कुणी बसलेलं नाही. तुझी दोन वर्षं वाया गेली नाहीत म्हणालो ते याच्यासाठी.

दुसरी बाजू मात्र भीतीची आहे. फाइल दाबून लहान करणारी एक्सझेड नावाची एक छोटी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमांना वापरता येणारा कोड, आहे, जगभरच्या लिनक्स मशीनांत असते. एकच माणूस फावल्या वेळात ती सांभाळायचा. मदतीला म्हणून एक अनोळखी इसम आला, दोन-अडीच वर्षं गोड बोलून, कामं करून विश्वास कमावला आणि 2024 मध्ये तिच्यात चोरदरवाजा ठेवला. सापडला कसा? अँड्रेस फ्रॉइंड, पोस्टग्रेसवर काम करणारा मायक्रोसॉफ्टचा इंजिनिअर. त्याच्या मशीनवर एसएसएचनं, म्हणजे दूरच्या मशीनवर शिरायच्या सोयीनं, लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागत होता. अर्धा सेकंद! आपण चहा घ्यायला उठलो असतो. तो खोदत गेला. एवढ्या मोठमोठ्या भट्ट्या, आणि खाली एका थकलेल्या माणसाचं लाकूडकाम.

आता तुझं. ऑफिसात तयार डेटाबेस सेवा वापरायला सांगतील, खुशाल वापर. रात्री दोनला उठून पॅच मारण्यात काही शौर्य नाही, मी पुष्कळ मारलेत. पण ती सेवा साध्या पोस्टग्रेससारखी वागते की तिच्यात त्या कंपनीचीच काही खास गाठ आहे, हे पहिल्या आठवड्यात शोध. खास गाठ वापरायची तर जाणूनबुजून वापर आणि कुठं वापरलीस ते लिहून ठेव. महिन्यातून एकदा सगळा डेटा डंप काढून दुसऱ्या मशीनवर उभा करून बघ. नुसता काढून ठेवलेला बॅकअप म्हणजे माझं ते शाहूपुरीचं कपाट. आणि बिल वाच. डेटा आत टाकायला सहसा पैसे पडत नाहीत, बाहेर काढायला पडतात, यातच सगळं आलं. बिलाच्या मर्यादेचा अलार्म पहिल्याच दिवशी लाव. माझ्याकडच्या एका पोरानं शुक्रवारी टेस्टिंगचं मोठं मशीन चालू ठेवलं आणि जोतिबाच्या यात्रेला गेला. तो गुलाल धुऊन येईपर्यंत 11,000 रुपये झाले होते.

परतफेडीचं तुला सुचेल तसं कर. मोठा कोड लिहायलाच पाहिजे असं नाही. नीट लिहिलेला बग रिपोर्ट, मराठी अक्षरं कुठं तुटतात त्याचा स्क्रीनशॉट, चुकलेल्या दस्तऐवजातली एक ओळ. पोस्टग्रेसमध्ये मराठी नावांचा क्रम लावताना ळ आणि क्ष कुठं जातात हे पुण्यामुंबईच्या किती लोकांनी तपासलं असेल? तू तपास.

येत्या रविवारी घरी येणार आहेस असं आई म्हणाली. वडिलांच्या शेडचा माळा रिकामा करतोय, पॅटर्न बरेच आहेत, त्या लांब सेंटिमीटरच्या पट्टीसकट. तिथंच टेबलावर एक जुनं मशीन तुझ्यासाठी काढून ठेवलंय. येताना पेन ड्राइव्ह आण, 8 जीबीचा पुरे. मशीनचा पंखा जरा ओरडतो, त्याकडं लक्ष देऊ नकोस.

तुझा,
काका