पडद्यावरची दहावी, घरातली दहावी

शाळा सुरू झाल्यापासून ओपीडीत एकच तक्रार ऐकतो आहे. मालिकेतला अकरावीचा पोरगा पाहा आणि आमचा पाहा. पत्रांतही तेच. म्हणून या वेळी ती सगळी पत्रं एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : शाळा-कॉलेजातल्या मुलांच्या भूमिका पंचविशीतले लोक का करतात? खरी मुलं मिळत नाहीत का? (एक आई, जि. यवतमाळ)

मिळतात, पण परवडत नाहीत. आपल्याकडे १४ वर्षांखालच्या मुलाला चित्रीकरणात घ्यायचं तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला ५ तासांवर काम नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांवर नाही, ओळीने २७ दिवसांवर नाही, आणि शाळा बुडता कामा नये. अमेरिकेत कॅलिफोर्नियात तर १६-१७ वर्षांच्या मुलांचेही तास ठरलेले आहेत. अठरा ओलांडलेल्या नटाला रात्री उशिरापर्यंत उभं करता येतं.

दुसरं कारण माझ्या विषयातलं. वाढीचा जोर असतो त्या वर्षात मुलगा ८-१० सेंटिमीटर उंच होतो, आवाज फुटतो, चेहरा बदलतो. पहिल्या भागातला पोरगा शेवटच्या भागात ओळखू येणार नाही. पंचविशीतला नट तीन वर्षं तसाच दिसतो. शिवाय कथेत प्रेमप्रसंग असले तर अठराखालचा कलाकार घेताना निर्माता पॉक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचा विचार करतोच.

आणि नाव विकलं जातं. 'थ्री इडियट्स' २००९ साली आला तेव्हा इंजिनीअरिंगचा विद्यार्थी झालेला आमिर खान ४४ वर्षांचा होता. 'ग्रीस' या १९७८च्या अमेरिकी चित्रपटात शाळकरी रिझो झालेली स्टॉकार्ड चॅनिंग चित्रीकरणाच्या वेळी ३३ वर्षांची होती. उलटंही घडतं. 'सैराट'मध्ये कॉलेजकन्या झालेली रिंकू राजगुरू तेव्हा स्वतः शाळेत होती, आणि 'झुंड'साठी नागपूरच्या वस्त्यांतली खरी पोट्टी घेतली होती. तुमच्या मुलाशी तुलना करायचीच असेल तर त्यांच्याशी करा.

प्रश्न : डॉक्टरसाहेब, माह्यं पोरगं दहावीत हाय, पण मिशी काही फुटत नाही. टीव्हीतल्या दहावीच्या पोराइले तं दाढी असते. काही कमी तं नाही ना? (एक वडील, जि. वाशीम)

भाऊ, ती दाढी दहावीची नाही, पंचविशीची आहे, सकाळी घोटून आलेली. दहावीत काहींना मिशीची रेघ असते, काहींना नसते. पूर्ण दाढी यायला विशी उजाडते. मी मिशी पाहत नाही, वयात येण्याची सुरुवात झाली का ते पाहतो. चौदा पूर्ण होऊनही अंडकोषांची वाढ सुरू झाली नसेल तर मुलाला बालरोगतज्ज्ञांकडे न्या. 'आमच्या घराण्यात उशिराच असते' हे खरंही असेल, पण ते तपासल्यावर ठरवू.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट विसरू नका. मुलगा ठेंगणा राहिला, वारंवार हातपाय दुखतात, डोळे पिवळे दिसतात, तर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी करा. या आजारात वाढ आणि वयात येणं दोन्ही लांबतं. गडचिरोली, चंद्रपूर, भंडाऱ्याकडची माणसं हे जाणतात, तरी 'वाढीचं दुखणं' म्हणून वर्षं घालवतात.

प्रश्न : माझी मुलगी १३ वर्षांची आहे, पाळी आली नाही. मालिकेतली आठवीची मुलगी तर मोठी बाई दिसते.

ती बाईच आहे. तुमच्या मुलीची छाती वाढू लागली असेल तर १५ वर्षांपर्यंत थांबता येतं. काहीच सुरुवात नसेल तर याच महिन्यात दाखवा.

प्रश्न : मी १६ वर्षांचा आहे. वेब सिरीजमधल्या हिरोसारखी बॉडी करायची आहे. जिममधले दादा म्हणतात एक 'कोर्स' घे, तीन महिन्यांत फरक दिसेल. उंचीसाठी पावडरही सांगितली आहे. घेऊ का? (जि. अमरावती)

नको. आणि हे उत्तर लांब आहे, पूर्ण वाच.

तो हिरो तुझ्याहून दहा वर्षांनी मोठा आहे. त्याच्या हाडांची वाढ संपली, खांदे भरले, जबडा रुंद झाला. त्यावर त्याचा प्रशिक्षक, आहार, प्रकाशयोजना आणि चित्रीकरणाआधी मुद्दाम कमी केलेलं पाणी. तू हे सगळं सोळाव्या वर्षी सुईतून मागतो आहेस.

'कोर्स' म्हणजे बहुतेक वेळा स्टेरॉइड, पुरुषी संप्रेरकाचं इंजेक्शन किंवा गोळी. आपल्या लांब हाडांच्या टोकांना वाढीची कूर्चा असते, ती उघडी असेपर्यंतच उंची वाढते. बाहेरून संप्रेरक ओतलं की ती कूर्चा लवकर बंद होते. म्हणजे उंच दिसण्यासाठी घेतलेल्या कोर्सने तुझी उरलीसुरली उंची कायमची जाईल, आणि मग कोणताही डॉक्टर ती परत देऊ शकणार नाही. अंडकोष आकसतात, छाती बायकांसारखी वाढते, मुरुमं उसळतात, रक्तदाब वाढतो, यकृताला इजा होते, चिडचिड होते ती वेगळी. जिममधल्या दादांना हे माहीत नसेल, किंवा असेल आणि कमिशन त्याहून गोड असेल.

आधीच घेतलं असशील तर लपवू नकोस. बाटलीचा किंवा पाकिटाचा फोटो घेऊन डॉक्टरकडे जा. मोठा कोर्स झाला असेल तर मनानेच बंद करत बसू नकोस, विचारून बंद कर.

उंचीची पावडर निव्वळ धंदा आहे. मुलाची साधारण उंची काढायची तर आई-वडिलांच्या उंचीची सेंटिमीटरमध्ये बेरीज करायची, त्यात १३ मिळवायचे आणि दोनाने भागायचं. मुलीसाठी १३ वजा करायचे. यात थोडं इकडेतिकडे होतं, डब्याने होत नाही. मूल कुपोषित असेल तर अन्नाने फरक पडतो, आणि ते अन्न घरात आहे: तुरीचं वरण, अंडी, शेंगदाणे, दूध. सोयाबीन आपल्या वावरातून ट्रॉलीत भरून बाजार समितीत जातं आणि त्याच पैशातून प्रोटीनचा डबा घरी येतो, याचा मला दरवेळी राग येतो.

घरी बोलायची लाज वाटत असेल तर जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक आहे का ते विचार.

प्रश्न : मुलीला मुरुमं आहेत. सिरीजमधल्या मुलींची कातडी काचेसारखी असते. मेडिकलवाल्याने गोरं करणारी क्रीम दिली, छान फरक पडला.

फरक पडला म्हणूनच शंका घ्या. अशा अनेक क्रीममध्ये स्टेरॉइड असतं. थांबवलं की चेहरा लाल होऊन पेटतो. ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

प्रश्न : आमच्या झाडीपट्टीत चाळिशीतला नट कॉलेजकुमार होतो, कोणी हरकत घेत नाही. मग पडद्यालाच नावं का? (वडसा)

मंडईतल्या, म्हणजे गावच्या जत्रेतल्या नाटकात नट लांब असतो आणि तो वयाने मोठा आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. मोबाइलमध्ये चेहरा वीतभर अंतरावर येतो, आणि पोरं ते खरं मानतात.

प्रश्न : माझ्या ११ वर्षांच्या मुलाला मालिकेसाठी निवडलं म्हणून फोन आला. फोटो आणि नोंदणीचे २५ हजार मागतात.

देऊ नका. काम देणारा पैसे देतो, घेत नाही. खरं काम असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीची प्रत मागा. मुलाच्या कमाईतले किमान २० टक्के त्याच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जायला हवेत, तेही विचारा. बाकी करार वकिलाला दाखवा, मला नको.

प्रश्न : हाडांचं वय कसं कळतं?

हाडांचं वय म्हणजे हाडांची वाढ कुठवर आली ते. ते कळतं डाव्या हाताच्या पंजाच्या आणि मनगटाच्या एक्स-रेवरून. पण तो स्वतःहून काढून आणू नका. लागेल की नाही ते तपासल्यावर सांगतो. येताना शाळेतल्या उंची-वजनाच्या जुन्या नोंदी आणा. त्या नसतील तर आज मुलाला अनवाणी भिंतीला टाच लावून उभं करा, खूण करून तारीख टाका, आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजा.