कमी चाललेली कॅडिलॅक घेऊ का?

प्रश्न : नाना, नमस्कार. मी अमळनेरचा, माझं हार्डवेअरचं दुकान आहे. चोपडा तालुक्यात एका जुन्या जिनिंगवाल्यांच्या (कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या गिरणीच्या मालकांच्या) घरची १९५४ची कॅडिलॅक विकायला निघालीय. चार दारांची सिरीज ६२, डावीकडे स्टिअरिंग. त्यांच्या आजोबांनी मुंबईत कुणा वकिलातीतल्या साहेबाकडून घेतलेली. त्यांच्या गोडाउनमध्ये उभी आहे. मीटरवर फक्त २१ हजार, रंग अजून चमकतो. नातू म्हणतो, जपून ठेवलीय, चाललीच नाही. अठरा लाख मागतोय. घेऊ का? लग्नाच्या वरातीला भाड्याने देऊन पैसे वसूल करायचा विचार आहे.

उत्तर : भाऊ, तुम्हाला भुरळ पडलीय ती मीटरची, म्हणून आधी तेच. ते २१ हजार मैल आहेत, म्हणजे जवळपास ३४ हजार किलोमीटर. शिवाय त्या काळच्या अमेरिकी गाड्यांचं मीटर पाच आकडी. ९९,९९९ झाले की पुन्हा शून्यापासून. तेव्हा एक लाख २१ हजार मैल पळालेली गाडीसुद्धा २१ हजारच दाखवेल. ब्रेकच्या पेडलवरचं रबर बघा, कोपरे झिजून गुळगुळीत झालेत का. ड्रायव्हरचं दार अर्धं उघडून हाताने वर उचला; बिजागरीत खेळ लागला तर ते दार पुष्कळ उघडलं गेलंय. आणि सगळी गाडी जुनी पण पेडलचं रबर तेवढं कोरं करकरीत, असं दिसलं तर नातवाला दुसरा चहा मागा आणि सावकाश विचारत बसा.

समजा मीटर खरं निघालं. तरी हुरळू नका. सत्तर वर्षांत २१ हजार मैल, म्हणजे गाडी उभीच होती. आमच्या धुळ्याच्या गॅरेजात एक म्हातारे ड्रायव्हर यायचे, अशा गाडीला ते म्हणायचे, "चालनी नही भो, पडेल व्हती." तुम्ही विचारायचं ते हेच : कुठे पडली होती, कशावर, आणि किती वर्षं कुणी हात लावला नव्हता?

आपल्या खान्देशात पत्रा मुंबईपेक्षा बरा राहतो, हवा कोरडी. पण मे महिन्यातलं पंचेचाळीस अंशांचं ऊन रबर खातं. दारांची रबरं, ब्रेकचे होज, पेट्रोलचे पाइप दाबून बघा, चिरा पडलेल्या असतील. त्यात ही जिनिंगच्या गोडाउनमधली. सरकी आली तिथे उंदीर आलेच. डिकीतली स्टेपनी बाहेर काढा आणि त्या खोलगट भागात हात फिरवा. रुईचे गोळे, सरकीची टरफलं, लेंड्या हाताला लागल्या की समजा, डॅशबोर्डमागच्या वायरिंगचीही तीच गत. त्या काळच्या वायरींना कापडी वेष्टण, उंदरांना ते फार आवडतं. पायाखालचा गालिचाही उचला. गोडाउनची जमीन मातीची असेल तर ओल खालून येते, आणि वर चमकणाऱ्या गाडीचा तळ पापडासारखा मोडतो.

"सुरू करून दाखवतो" असं नातू म्हणाला तर हात धरा त्याचा. पेट्रोलचं झाकण शोधत बसाल, म्हणून सांगतो : ते डाव्या मागच्या दिव्याखाली लपवलंय, दिवा वर उचलला की दिसतं. तिथे नाक लावा. वार्निशसारखा आंबूस वास आला तर ते पेट्रोल इंजिनात जाता कामा नये. टाकी उतरवून धुवायची, सगळे प्लग काढून सिलिंडरांत थोडं ऑइल सोडायचं, एक रात्र थांबायचं आणि मग पान्याने इंजिन हाताने फिरवून बघायचं. ५.४ लिटरचं व्ही-एट आहे. पिस्टनच्या रिंगा चिकटलेल्या असताना सेल्फ मारला तर तुमचे अठरा लाख तिथेच संपतील. गाडी घरी न्यायची ती ट्रेलरवर. ब्रेकचा मास्टर सिलिंडर एकच सर्किटचा, एक होज फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले.

समोरची काच नखाने तपासा. १९५४ला कॅडिलॅकने आपल्या सगळ्या गाड्यांना कडेने वळलेली काच बसवली. तडा गेला तर ती जळगावात काय, मुंबईतही सहज मिळणार नाही. गिअर ऑटोमॅटिक आहे, हायड्रामॅटिक. त्यात पार्किंगची खूणच नाही. गाडी बंद करून रिव्हर्समध्ये टाकली की जागच्या जागी अडकते. नातवाला हे माहीत नसेल तर त्याने ती कधी चालवलेली नाही.

आता कागद. माझ्या मते किंमत इथे ठरते, रंगावर नाही. इंजिनवरचा नंबर वाचा. त्या साली सिरीज ६२चा नंबर ५४६२ने सुरू व्हायचा. आपल्याकडे पेट्रोल परवडेना म्हणून अशा कितीतरी गाड्यांत डिझेल इंजिनं बसवली गेली. तसं असलं तर विषय संपला. २०२१च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २० हजार, मुदत दहा वर्षं, नंबरात 'व्हीए' येतं. पण आरसी आजोबांच्या नावावर असेल तर आधी वारसांच्या नावावर झाली पाहिजे. काका, आत्या, सगळ्यांच्या सह्या नातवाने आणाव्यात, तुम्ही त्यात पडू नका. तोवर इसाराचा एक रुपयाही देऊ नका.

डाव्या स्टिअरिंगला कायद्याने बंदी नाही, वळण्याची खूण देणारं साधन मात्र चालू हवं. प्रत्यक्षात चोपडा रस्त्यावर केळीच्या ट्रकमागे अडकलात की ओव्हरटेकसाठी शेजारी बसलेल्यालाच विचारावं लागेल.

वरातीचं मात्र डोक्यातून काढा. व्हिंटेज नोंदणीवर गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला नेता येते; रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही. भाड्याच्या हिशेबावर अठरा लाख बसत असतील तर घेऊ नका. हौस म्हणून घेत असाल, नंबर जुळत असेल आणि वारसांचे कागद झाले असतील, तर बारा लाखांपासून बोलायला सुरुवात करा. टाकी, ब्रेक, टायर आणि वायरिंगचा खर्च नातवासमोरच कागदावर मांडा. जाताना गॅरेजवाला सोबत न्या, पण नातवाच्या ओळखीचा नको.