टेकडीवरचा कचरा, पिशव्यांची पिशवी आणि संत्र्याची सालं

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं कचरा नाहीतर काटकसर यावरच आहेत, म्हणून म्हटलं एकत्रच उत्तरं देऊन टाकू. लांबलचक पत्रं आखडती घेतलीयेत, राग मानू नका.

प्रश्न : ताई, मी बँकेतून रिटायर झालोय, कोथरूडला असतो. रोज सकाळी एआरएआयच्या टेकडीवर फिरायला जातो आणि येताना दिसतील त्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं पिशवीत भरून आणतो. बरोबरचे लोक हसतात. बायको म्हणते लष्कराच्या भाकऱ्या भाजताय, आणि पिशवी दारातसुद्धा ठेवू देत नाही. आणलेल्या कचऱ्याचं नेमकं करायचं काय, आणि असं उचलणं तब्येतीला बरं का?

उत्तर : काका, टेकडीवर उलटं चालणारे आहेत, मोठमोठ्यानं टाळ्या वाजवून हसणारे आहेत, त्यांना कोणी काही म्हणत नाही मग पिशवी घेऊन वाकणाऱ्यानंच का लाजायचं. तुम्ही करताय त्याला हल्ली प्लॉगिंग म्हणतात, स्वीडनमध्ये साधारण २०१६ च्या सुमारास सुरू झालं आणि पुण्यातही आता रविवारी सकाळी टीशर्ट घालून ग्रुपनं करतात, म्हणजे फॅशनमध्येच आहात तुम्ही.

पण काकूंचं म्हणणं मला पटतंय. मिक्स कचऱ्याची पिशवी घरी आणायचीच नाही. दोन पिशव्या न्या, तांदळाच्या पाच-दहा किलोच्या रिकाम्या पिशव्या यासाठी बेस्ट कारण फाटत नाहीत आणि धुताही येतात. एकीत जे विकलं जातं ते, म्हणजे पाण्याच्या-कोल्ड्रिंकच्या बाटल्या, कॅन, पुठ्ठा. दुसरीत जे कोणी विकत घेत नाही ते, म्हणजे वेफर्स-गुटख्याची पाकिटं, थर्माकोल, खरकट्या प्लेटा. वेफर्सचं पाकीट दिसायला चकचकीत पण त्यात प्लास्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, ते सुटे होत नाहीत म्हणून भंगारवाला हात लावत नाही. बाटलीतलं उरलेलं पाणी झाडाला ओता, बाटली चेपा, झाकण लावून टाका. चेपलेल्या वीस बाटल्या एका पिशवीत मावतात नाहीतर पाचातच पिशवी फुगते.

ही पहिली पिशवी तुमच्या सोसायटीत कचरा न्यायला येणाऱ्या ताईंच्या हातात द्या. पुण्यात कचरावेचकांची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, १९९३ सालापासून आहे आणि तिच्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली, २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. त्या ताईंना सुका माल विकून जे मिळतं तेही त्यांच्या कमाईतच धरलेलं असतं, त्यामुळे तुमची कोरडी, चेपलेली बाटली म्हणजे त्यांचे पैसे आहेत आणि चहा सांडलेली चिकट बाटली म्हणजे डोक्याला ताप. दुसरी पिशवी तोंड बांधून सुक्या कचऱ्यात.

आता तब्येतीचं. बागकामाचे जाड रबरी हातमोजे घाला आणि एक लांब चिमटा घ्या, म्हणजे कंबरही वाचते. पावसाळ्यानंतर गवत कमरेएवढं असतं तेव्हा झुडपात, दगडाखाली हात घालायचा नाही म्हणजे नाही, आपल्या टेकड्यांवर घोणस आहे आणि ती दिसत नाही. सुई-सिरिंज दिसली तर हातानं उचलू नका, चिमट्यानं जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकून झाकण लावा आणि कचरा नेणाऱ्या ताईंना ती बाटली वेगळी दाखवून द्या. फुटक्या काचा वर्तमानपत्रात गुंडाळून वर पेननं 'काच' लिहा. डायपर आणि पॅडसाठी पुण्यात लाल ठिपक्याची पद्धत आहे ना, कागदात गुंडाळायचं आणि वर लाल ठिपका काढायचा म्हणजे ताईंना पुडी उघडून बघावी लागत नाही, तेच तत्त्व इथेही.

आणि एक, जमलं तर जोर जानेवारी-फेब्रुवारीत लावा. महिनोन्‌महिने उन्हात पडलेली पातळ पिशवी मे महिन्यात उचलायला जाल तर हातात पापडासारखा चुरा होतो, मग ते बारीक तुकडे मातीतून वेचणं कोणाच्या बापाला जमणार नाही. त्याच्या आधीच ती उचललेली बरी.

प्रश्न : ताई मी धायरीची. आमच्या सासूबाई दुधाच्या पिशव्या धुवून वाळवून ठेवतात, कॅरीबॅगा घडी घालून ठेवतात, किचनमध्ये पिशव्यांनी भरलेली एक मोठी पिशवी दाराला लटकलेली आहे. मला पसारा वाटतो, त्यांना बचत वाटते. कोण बरोबर?

उत्तर : दुधाच्या पिशवीत सासूबाई बरोबर, बाकीच्यात तू. दुधाची पिशवी एकाच प्रकारच्या चांगल्या प्लास्टिकची असते म्हणून तिला भंगारात भाव आहे, पण ती धुवून कोरडी असली तरच, आंबूस वास मारणारी नाही. फक्त कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, कात्रीनं चीर द्या आणि तो तुकडा पिशवीलाच लटकू द्या. तो एवढासा त्रिकोणी तुकडा बेसिनच्या जाळीतून जातो, झाडूतून निसटतो, शेवटी नाल्यात सापडतो आणि वेगळा काढणं कोणाला शक्य नसतं.

कॅरीबॅगांचं म्हणशील तर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे आणि देशभरात १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवी २०२२ च्या शेवटापासून चालत नाही, तरी भाजीवाल्याकडून येतातच. साठवून काय होतं? दहा आत येतात, एक वापरली जाते. आहेत तेवढ्या सुक्या कचऱ्यात द्या आणि सासूबाईंनाच जुन्या कॉटनच्या साडीच्या पिशव्या शिवायला सांग, एका साडीत ढीगभर होतात, दोन गाडीच्या डिकीत, एक पर्समध्ये, एक मिस्टरांच्या ऑफिसबॅगेत, विसरले तरी कुठेतरी सापडतेच. दुकानदार जी कापडासारखी दिसणारी रंगीत पिशवी देतात तिला फसू नका, ती विणलेली नसते, ते प्लास्टिकच असतं आणि बाल्कनीत काही महिने राहिली की भुगा होतो.

एक मात्र खरं सांगते, 'टाकाऊतून टिकाऊ' म्हणून बाटल्यांचे झुंबर आणि सीड्यांची तोरणं करणाऱ्यांच्या मी विरुद्ध आहे. धूळ खाऊन वर्षभरानं ते कचऱ्यातच जातं, फक्त तेव्हा त्याला फेव्हिकॉल आणि चमकी लागलेली असते त्यामुळे भंगारवालाही घेत नाही.

प्रश्न : संत्र्या-मोसंब्याच्या सालांचं बायोएन्झाइम खरंच फिनेलच्या ऐवजी चालतं का? प्रमाण सांगाल का? – सदाशिव पेठ

उत्तर : चालतं, पण जादू नाहीये. एक भाग गूळ, तीन भाग सालं, दहा भाग पाणी, प्लास्टिकच्या बाटलीत वरची थोडी जागा रिकामी ठेवून भरायचं आणि तीन महिने थांबायचं. काचेची बरणी नको, आत गॅस होतो. पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून गॅस सोडायचा, विसरलात तर बाटली टम्म फुगते आणि उघडताना ओट्यावर फवारा. गाळून पाण्यात पातळ करून फरशी पुसा, बेसिन घासा, तेलकटपणा छान निघतो. पण ते आंबट म्हणजे अ‍ॅसिडिक असतं म्हणून मार्बलवर वापरू नका, चकाकी जाते, आणि ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचच्या लिक्विडमध्ये कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन सुटतो. घरात कोणी आजारी असेल, उलटी-जुलाब असतील तेव्हा जंतुनाशकच वापरा, तिथे काटकसर नको. नळांवर टँकरच्या-बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग असतील तर त्याला तीन महिने थांबायची गरज नाही, लिंबूसत्व कोमट पाण्यात घालून फडकं भिजवून नळाला गुंडाळून ठेवा, अर्ध्या तासात सुटतात.

प्रश्न : मी नुकतीच नोकरीला लागलेय, कर्वेनगरला तिघी फ्लॅट शेअर करतो. गॅस आणि लाइटबिल बघून डोळे पांढरे होतात. काही टिप्स?

उत्तर : अगं, आधी गीझर बघ. दोन किलोवॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट जातं, आणि तिघी तीन वेळा लावून विसरत असाल तर बिलाचं उत्तर तिथेच आहे. एकीपाठोपाठ एक आंघोळ करा, संपलं. गॅसचं म्हणजे डाळ तासभर आधी भिजव, पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक कर, मोठ्या आचेवर शिट्ट्या भराभर होतात पण डाळ लवकर शिजत नाही, नुसती वाफ वाया जाते. भांड्यांची बुडं काळी होत असतील आणि ज्योत पिवळी असेल तर बर्नर साफ कर, भोकं पिनेनं मोकळी कर, ज्योत निळी हवी. आरओ असेल तर त्याचं वाया जाणारं पाणी बादलीत धर, फरशी आणि टॉयलेटला पुरतं.

प्रश्न : आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर रात्री कोणीतरी कचऱ्याच्या पिशव्या टाकून जातं. पाटी लावली, देवांच्या टाइल्स लावल्या, काही उपयोग नाही. – वडगाव बुद्रुक

उत्तर : पाटी वाचायला पुणेकर थांबतो, पण कौतुकानं, घाबरून नाही. आणि देवांच्या टाइल्सनी थुंकणं थोडं कमी होतं, पिशव्या नाही, उलट देवापुढेच कचरा साचतो. पीएमसी केअर या महापालिकेच्या तक्रारींच्या अ‍ॅपवर फोटोसकट तक्रार करा म्हणजे आधी जागा साफ होईल. त्यानंतरचे दोन-तीन आठवडे महत्त्वाचे, कारण एक पिशवी दिसली की दुसऱ्याला परवानगीच मिळते, म्हणून पडलेली पहिली पिशवी लगेच उचलायची, तिथे उजेड करायचा, जड कुंड्या किंवा बसायला बाकडं ठेवायचं. आणि टाकणारा कोण ते ओरडण्याआधी जरा बघा. बऱ्याचदा सकाळी घंटागाडी यायच्या आधीच कामावर जाणारे भाडेकरू असतात, त्यांचा कचरा घ्यायला घरी कोणी नसतं. शेजारच्यांनी त्यांचा डबा सकाळी दारात ठेवायची सोय केली तर निम्म्या पिशव्या तिथेच थांबतील. उरलेल्या निम्म्यांसाठी मग पाटी लावा, पण जरा मजेशीर लिहा आणि मला फोटो पाठवा.