बायबलमधली वचनं वाचून तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण टिकत नाही. रोजच्या जगण्याला धीर कसा मिळवायचा?

जय ख्रिस्त. तुम्ही लिहिलंय की नोकरी जालन्यात, गावाकडं चार एकर, सोयाबीनला भाव नाही आणि सोसायटीचं कर्ज थकलंय. सकाळी व्हॉट्सअॅपवर आलेलं वचन वाचून उभारी येते, पण अकरा वाजेपर्यंत ती विरून जाते. जानेवारीत अख्खं पवित्र शास्त्र वाचायला घेतलं होतं, ते लेवीय पुस्तकात अडकून पडलं. यात दोन वेगळ्या चुका आहेत आणि त्यातली कुठलीही विश्वास कमी असल्याची नाही, हे आधी सांगतो.

पहिली चूक म्हणजे तोडलेलं वचन. यिर्मया 29:11 घ्या. देवाचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. उगवत्या सूर्याच्या फोटोवर हे वचन तुमच्या ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी येत असणार. आता त्याच अध्यायाची पहिली ओळ वाचा. हे एक पत्र आहे, यरुशलेमेतून बाबेलला धरून नेलेल्या लोकांना पाठवलेलं. त्याच्या आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात उभा राहून सांगतो की दोन वर्षांत सगळं जागेवर येईल. संदेष्टा यिर्मया या पत्रात लिहितो, दोन नाही, सत्तर. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेक प्रौढांना आपण स्वतः परत जाणार नाही हे कळलं होतं. त्यांना सांगितलंय काय? घरं बांधा, मळे लावा, त्यांचं फळ खा, लेकरांची लग्नं करा आणि ज्या शहरात नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. हे सगळं 5 ते 7 या ओव्यांत आहे, आणि ‘हिताचे संकल्प’ त्याच्या पुढे येतात.

नुसती अकरावी ओवी वाचली की मन म्हणतं, या हंगामात भाव येईल. भाव येत नाही, मग वचन खोटं वाटतं, नाहीतर स्वतःचा विश्वास खोटा वाटतो. खरं तर आपण हनन्याचा संदेश यिर्मयाच्या नावावर वाचलेला असतो. अख्खा अध्याय वाचला तर त्यातून वेगळाच धीर हाती लागतो. परिस्थिती लांबणार असली तरी आज मळा लावायला हरकत नाही, हा तो धीर. अकरा वाजेपर्यंत टिकतो तो हाच, कारण तो भावावर अवलंबून नाही.

फिलिप्पै 4:13 चं तेच. ‘मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे’ हे गाडीच्या काचेवर आणि परीक्षेच्या पॅडवर चिकटवलेलं असतं. पण प्रेषित पौल ते कैदेतून लिहितो आणि आधीच्या दोन ओव्यांत विषय आहे तृप्त असणं आणि उपाशी असणं, दोन्हींत राहायला शिकण्याचा. तिथं जिंकण्याबद्दल काही नाही. यावर माझा साधा नियम आहे. फोनवर वचन आलं की ‘आमेन’ टाकण्याआधी त्याच्या मागच्या दहा आणि पुढच्या पाच ओव्या वाचायच्या. तेवढा वेळ नसेल तर ते वचन संध्याकाळवर ठेवायचं.

दुसरी चूक मापाची. बायबलमध्ये 1189 अध्याय आहेत. वर्षात संपवायचे तर रोज तीन ते चार. उत्पत्तीचे 50 आणि निर्गमाचे 40 झाले की जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात माणूस लेवीय पुस्तकाच्या दारात उभा राहतो. पुढे 27 अध्याय यज्ञ, चरबी आणि कातडीवरचे डाग. बहुतेक योजना तिथंच मोडतात, त्यात तुम्ही एकटे नाही. निर्गम 16 मध्ये मान्ना, म्हणजे रानात देवानं रोज पुरवलेलं अन्न, गोळा करायचं माप ठरलेलं होतं, माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटर, आणि तेही त्या दिवसापुरतंच. उद्यासाठी राखलं की किडे पडायचे. वाचनालाही हे लागू करा. नव्या करारात 260 अध्याय आहेत. आठवड्याला पाच वाचले तर बरोबर 52 आठवडे होतात आणि दोन दिवस मोकळे राहतात. पण तुमची आत्ताची अवस्था पाहता मी तेही सांगणार नाही. आधी तीन महिने फक्त स्तोत्रं आणि मार्कचं शुभवर्तमान. मार्कचे सोळाच अध्याय आहेत आणि गोष्ट भराभर पुढे जाते. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचून भरून काढू नका, चुकलेला सोडून द्या. थकबाकी तुंबली की वही उघडायचीच लाज वाटायला लागते.

आता प्रत्यक्ष बसायचं कसं. पंधरा मिनिटं, फोन दुसऱ्या खोलीत, छापील पुस्तक आणि एक साधी रेघी वही. दहा ते पंधरा ओव्या, त्यापेक्षा जास्त नाही. एकदा मनात वाचा, एकदा मोठ्यानं. मोठ्यानं वाचणं टाळू नका. स्तोत्रं मुळात गायला आणि म्हणायला लिहिली आहेत, आणि डोळ्यांनी सुटलेला शब्द जिभेला अडतो. मग वहीत तारीख आणि तीनच ओळी. इथं बोलतंय कोण आणि कुठल्या अडचणीत? देवाबद्दल काय म्हटलंय? मी आज हे कुठं वापरणार? तिसरी ओळ ढोबळ असेल तर खोडा. ‘चिंता करणार नाही’ चालत नाही. ‘दुपारी बँकेत फोन करायचाय, त्याआधी हे म्हणेन’ चालतं.

नमुन्याला 13 वं स्तोत्र घ्या, सहाच ओव्यांचं आहे. पहिल्या दोन ओव्यांत ‘किती काळ’ असं चार वेळा विचारलंय. पुढच्या दोनांत मागणी आहे, डोळ्यांत तेज आण म्हणून. शेवटच्या दोनांत भरवसा. प्रमाण बघा, तक्रारीला आणि भरवशाला सारखीच जागा दिलीय. वहीत चार वेळा ‘किती काळ’ लिहा आणि प्रत्येकापुढे तुमची गोष्ट लिहा. किती काळ हा भाव, किती काळ हा हप्ता, किती काळ वडिलांचं हे न बोलणं. चौथं सुचत नसेल तर जागा रिकामी ठेवा. मग मागणी एका वाक्यात, आणि शेवटच्या दोन ओव्या जशाच्या तशा उतरवा. मनातून येत नसल्या तरी उतरवा, आज त्या उसन्या आहेत असं समजा. बऱ्याच जणांना देवापुढे रडगाणं गाणं पाप वाटतं. पण 88 वं स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी आनंदाची ओळ नाही, आणि तरीही ते शास्त्रात ठेवलंय.

42 आणि 43 ही स्तोत्रं एकत्र वाचा. ‘हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?’ हा प्रश्न तीनदा येतो. इथं स्तोत्रकर्ता देवाशी नाही, स्वतःशी बोलतोय. तुमच्याच जिल्ह्यातल्या जांबच्या रामदासांनी मनाला समोर बसवून 205 श्लोक सांगितले, त्यामुळं ही रीत आपल्याला नवी नाही. मन दिवसभर आपल्याला काहीबाही सांगत असतं आणि आपण ऐकत असतो. इथं उलट करायचं असतं. रस्त्यानं जाताना, यष्टीच्या खिडकीत बसून, हलक्या आवाजात.

हबक्कूक तीनच अध्यायांचं पुस्तक आहे आणि मराठवाड्यात ते आणखी वाचलं जायला हवं असं मला वाटतं. सुरुवात परत ‘किती काळ’नंच होते. शेवटच्या अध्यायात 17 वी ओवी अंजीर, द्राक्ष, जैतून, शेत, मेंढवाडा, गोठा असं एकेक नाव घेऊन सगळं गेल्याचं सांगते आणि 18 वी म्हणते, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. लोक 18 वी पाठ करतात आणि 17 वी सोडतात. तुम्ही 17 वी आपल्या शब्दांत लिहून काढा. सोयाबीन, तूर, बोअर, गोठा. ज्यांनी 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येताना पाहिलंय, त्यांना त्या ओवीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. नावं लिहून झाली की ‘तरी’ या शब्दाला वजन येतं.

जालन्याचे आहात म्हणून आणखी एक. शहराजवळचं बेथेल तुम्हाला माहीत असेलच, एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनरी नारायण शेषाद्रींनी वसवलेलं. ते नाव उत्पत्ती 28 मधून आलंय. सख्ख्या भावाच्या भीतीनं घर सोडून पळालेला याकोब उशाला दगड घेऊन उघड्यावर झोपतो, आणि ‘मी तुझ्याबरोबर आहे’ हे त्याला तिथं ऐकू येतं. त्यानं त्या जागेला दिलेलं नाव बेथेल, देवाचं घर. येताजाता पाटीवर ते नाव दिसलं तरी तेवढा शास्त्रपाठ होतो.

वचनानं सगळं भागत नाही, हेही शास्त्रच सांगतं. 1 राजे 19 मध्ये संदेष्टा एलीया मरण मागतो. दुष्काळ नुकताच फिटलेला, पाऊस पडलेला, मोठा विजय मिळालेला, तरीही. देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, परत उठवून खायला घालतो. बोलणं नंतर होतं. म्हणून झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगावंसं वाटत नसेल आणि हे दोन आठवड्यांवर चाललं असेल, तर डॉक्टरकडे जा. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार मनात आला तर दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी घरच्यांना सांगा आणि 14416 या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, नंबरवर बोला. फोन फुकट आहे, चोवीस तास लागतो, मराठीत बोलता येतं. ‘गोळ्या घेणं म्हणजे अविश्वास’ असं कुणी सांगितलं तर पौलाच्या सोबत्यांतला लूक वैद्य होता, हे त्यांना कलस्सै 4:14 काढून दाखवा.

माणसं लागतातच. पण मंडळीत नुसतं ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ म्हटलं तर प्रार्थनाही मोघमच होते. पाळकांना किंवा घरसभेतल्या एकाच भरवशाच्या माणसाला नेमकं सांगा: ‘गुरुवारी सोसायटीत जायचंय, बोलताना तोंडाला कोरड पडते, त्यासाठी.’ शुक्रवारी त्यांनी विचारावं असंही सांगून ठेवा. आणि कुणी तुम्हाला लगेच वचनांचा मारा करायला लागलं तर सगळं गमावून बसलेल्या इयोबाचे मित्र आठवा. सात दिवस सात रात्री ते गप्प बसले होते, तेवढं बरं केलं. तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं.

भाषेचं थोडक्यात. घरात असलेलं जुनं भाषांतर जड वाटत असेल तर बायबल सोसायटीच्या दुकानात सोप्या मराठीतली प्रत मागा. पाठांतराला मात्र जुनीच बरी, तिची लय कानात बसते. वडिलांना वाचता येत नसेल तर मोबाइलवर मराठी ऑडिओ मोफत मिळतो. रात्री जेवण झाल्यावर एक स्तोत्र लावा आणि मध्येच अर्थ सांगत बसू नका. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं घरात कुणाला येत असतील तर वाचनाआधी एक म्हणा.

शनिवारी वही उघडून फक्त तिसऱ्या ओळी वाचा. सहापैकी दोन जरी प्रत्यक्षात झाल्या असतील तरी माप बरोबर बसलंय. एकही झाली नसेल तर ओव्या पंधरावरून पाचवर आणा आणि सोमवारी परत 13 व्या स्तोत्रापासून सुरू करा.